चार नंबरच्या खोलीतला वॉकर

तुम्ही खोटं बोललात.

चार नंबरच्या खोलीत आधी कुणी राहत नव्हतं असं तुम्ही कागदावर लिहून दिलंत. खाली सही केलीत, सहीवर शिक्का मारलात. तुमचं नाव मी घेत नाही. नाव घेतलं की तुम्ही वकील पाठवता आणि मुद्दा राहतो बाजूला. पण गायी नव्या शेडमध्ये गेल्यावर जुन्या गोठ्यात मधेमधे विटांच्या भिंती घालून माणसं कुणी ठेवली, हे इथे शेण उचलणाऱ्या बाईलाही ठाऊक आहे. आणि तो वॉकर कुणी पाठवला, हेही.

आता झालं ते सगळं ऐका. मधे बोलू नका. तुमच्यासमोर आम्ही मधे बोलतो का?

गोठ्याला कितीही चुना फासा, तो गोठाच राहतो. सहा खोल्या. प्रत्येक खोलीत पुढच्या अंगाला गव्हाण, तिच्यात आता भांडी. भिंतीत गुडघ्याइतक्या उंचीवर लोखंडी कड्या, पूर्वी गायी बांधायच्या; आता त्यांवर ओली फडकी. आणि जमीन मागच्या दाराकडे उतरती, कारण गाय मागच्या बाजूला मुतते आणि मूत वाहून गेलं पाहिजे. हा उतार डोळ्याला दिसत नाही. कांद्याला दिसतो. कांदा हातातून निसटला की थेट मागच्या दाराशी. झाकण, बाटली, लाटणं, सगळं तिथेच. त्या खोल्यांत राहायला आलेली बाई दोन दिवसांत शिकते की गोल वस्तू जमिनीवर ठेवायची नाही.

मागच्या दाराची कडी बाहेरून. गायीला कडी लावता येत नाही ना.

दारामागे सिमेंटचा पट्टा, तोही उतरता, आणि दहा पावलांवर खड्डा. गोठ्याचं शेणमूत त्यात जायचं. गायी गेल्या त्याला सहा उन्हाळे झाले, खड्डा कुणी उपसला नाही. वरून वाळून त्यानं साय धरली आहे. दुधावर धरते तशी, फक्त काळी. साय इतकी जाड की तिच्यावर गवत उगवलंय, गवतात पिवळी फुलं. कोंबडी त्यावरून चालत जाते आणि परत येते. तीन बाजूंना तारेचं कुंपण. चौथी बाजू खोल्यांकडची, ती मोकळी.

दोन महिन्यांपूर्वी चार नंबरमध्ये एक घर आलं. नवरा धारा काढायच्या मशीनवर. पूर्वी हातानं काढायचा. अंगठ्याच्या पेरावर अजून गाठ आहे. त्याची आई, जिचा खुबा एका गायीनं लाथ मारून मोडला आणि जी तेव्हापासून बुडावर सरकत फिरते. त्याची बायको. आणि नऊ महिन्यांची पोर, तिला सगळे मुंगी म्हणायचे, कारण ती दिसेल ते तोंडात धरून रांगत निघायची.

येतानाच ठरलं होतं: नवरा-बायको दोघं काम करतील तरच खोली. बायकोला हंगाम लागेपर्यंत सूट.

हंगाम लागला. चार दिवसांत अकरा गायी व्यायल्या. तुमच्याकडे वासरू जन्मल्या दिवशीच आईपासून तोडतात आणि लांबच्या कोंडीत ठेवतात. आया दोन-तीन दिवस हंबरतात, मग विसरतात, असं तुमचा डॉक्टर म्हणतो. वासराला बादलीतून प्यायचं कळत नाही. त्याच्या तोंडात बोटं द्यावी लागतात, ते बोटं चोखायला लागलं की हात हळूच दुधात न्यायचा. त्याला मशीन नाही. त्याला बाईची बोटं लागतात.

म्हणून मुकादम दारात आला. हातात निळा वॉकर. प्लॅस्टिकचा, खाली आठ चाकं, मधे कापडी बैठक, पुढे ताटाएवढी पाटी आणि तिच्यावर पिवळं बदक.

"घे. साहेबांनी पाठवलाय."

"कशाला?"

"नाचायला. पोरीला ह्यात बसव आणि उद्यापासून वासरांवर ये."

"मुकादम, सासूबाईंना उठून धरता येत नाही. पोर कुठे गेली तर..."

"म्हणून तर हा दिला. पोर ह्यातून बाहेर पडत नाही. म्हातारीनं नुसतं बघायचं. बघायला खुबा लागतो का?"

आतून म्हातारी म्हणाली, "तोंड चालवायला अक्कल लागत नाही तसंच ना?"

मुकादम हसला. बायकोनं वॉकर हातात घेतला. पाटीच्या कडेला बारीक खाचा होत्या. वरून दोन, खालून दोन. परत वरून दोन, खालून दोन. कडेभर.

"हा नवा आहे?"

"तुझ्या पोरीसाठी नवाच."

"आधी कुणाचा होता?"

"स्टोअरचा." मुकादम वळला. "सहा नंबरवाल्यांना घर अपुरं पडतंय. चार नंबर द्या म्हणून मागे लागलेत. मी अजून काही बोललो नाही."

त्या दिवशी घरात चहा झाला तो कुणी प्यायला नाही. वॉकर मधे ठेवला होता. बायकोनं पायाचा अंगठा चाकाला लावून धरला होता, नाहीतर तो निघाला असता.

म्हातारी म्हणाली, "पांगुळगाडा आम्हीही दिलाय पोरांना. लाकडी, तीन चाकांचा. पोर आपल्या पायावर उभं राहिलं की मग. तोवर रांगू दे तिला. पांगुळगाड्याला पोर नेतं. हा पोराला नेतो."

"आई, सगळं जग वापरतं," नवरा म्हणाला.

"जगाची जमीन सपाट असेल."

"मग काय करू सांग. खोली सोडू? तुला पाठीवर घेऊ आणि हिला पोटावर?"

"घे की. तुला मी तसंच वाढवलंय. तेव्हा माझा खुबा जागेवर होता."

बायको म्हणाली, "मी पोरीला कोंडीत घेऊन जाते. वासरांत बसेल."

"मुकादम येऊ देईल? आणि वासरू अंगावर पडलं तर?" नवऱ्यानं डोकं खाजवलं. "गुरुवारी नर्सबाई येईल तिला विचार. ती शिकलेली आहे."

गायींसाठी डॉक्टर रोज येतो. माणसांसाठी नर्सबाई गुरुवारी. तोवर दोन दिवस बायको ताप आल्याचं सांगून घरी राहिली. नर्सबाईनं मुंगीला वजनकाट्याच्या झोळीत घातलं, आकडा लिहिला, आणि वॉकरकडे बघून तोंड वाकडं केलं.

"हा वापरू नको. ह्यानं पोरं लवकर चालतात हे खोटं. उलट उशीर होतो. टाच टेकत नाही, चवड्यावर ढकलत राहतात. आणि पोर तुझ्या हाताच्या आधी पोचतं. चुलीपाशी, पायरीपाशी. तू 'अगं' म्हणेपर्यंत झालेलं असतं."

"मग बाई, मी कामावर गेल्यावर काय करू?"

नर्सबाईनं काटा पिशवीत घातला. चेन लावली. "ते मी कसं सांगू? विचारलंस ते सांगितलं."

मुकादमानं दुपारी दारातूनच विचारलं, "ताप उतरला?" ती म्हणाली, "उतरला."

पोर बसवायच्या आधी जमीन तरी घासू म्हणून तिनं वीट आणि पाणी घेतलं. गव्हाणीपासून सुरुवात केली. चुन्याचे थेंब निघाले, वर्षाचं किटण निघालं, आणि खाली निळ्या रेघा दिसायला लागल्या. केसासारख्या बारीक. जोडीजोडीनं. तिनं घासलं तशा त्या वाढत गेल्या. दहा-वीस नव्हत्या. सगळ्या गव्हाणीपासून निघून एकाच जागी जात होत्या, मागच्या दाराच्या डाव्या फळीपाशी. तिथे उंबरा हातभर निळा झाला होता.

तिनं वॉकर उचलून त्या रेघांवर ठेवला. चाकं बसली.

नवरा आला. बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला. "कुणाचं कपाट सरकवलं असेल."

"कपाटाला आठ चाकं?"

त्याचा हात सवयीनं भिंतीतल्या कडीकडे गेला. कडीत बोटभर दोरीचा तुकडा अडकला होता, हिरवा नायलॉन, मधून एक लाल दोरा. फडक्यांखाली तो आजवर कुणाला दिसला नव्हता. गाठ दगडासारखी झाली होती. पुढचं टोक कापलेलं नव्हतं, कडीवर घासून घासून तुटलेलं.

"निरगाठ," तो म्हणाला. "ज्यानं मारली त्याला जनावर कळत नव्हतं."

"इथे जनावर होतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं झाडूवालीला गाठलं. बाकीच्या खोल्यांतली माणसं तुम्ही दरवर्षी बदलता. झाडूवाली तेवढी जुनी.

"मावशी, चार नंबरमध्ये आधी कोण होतं?"

"कुणी नाही."

"मावशी."

झाडू चालू राहिला. "तिघं होते."

"मग?"

"मागच्या हंगामात गेले. ट्रकमध्ये चढले तेव्हा दोघं होते."

"आणि तिसरं?"

"मी झाडत होते. झाडणाऱ्या बाईची मान खाली असते." चार हात पुढे गेल्यावर ती परत वळली. "बाईनं निळा वॉकर उराशी धरला होता, धुऊन पुसून. तो मुकादमानं काढून घेतला. म्हणाला, स्टोअरचा आहे."

तिनं हे सगळं नवऱ्याला सांगितलं. आता तुम्ही म्हणाल, कळल्यावरही बसवली कशाला? तुम्हाला हा प्रश्न विचारायला सोपा आहे. तुमच्या दाराला कडी आतून आहे. त्या घरात तो प्रश्न सकाळपासून तीन वेळा विचारून झाला होता आणि तिन्ही वेळा समोर बांधाबांध केलेलं सामान, मोडक्या खुब्याची म्हातारी आणि नसलेलं छप्पर दिसलं होतं.

नवरा म्हणाला, "मी बांधतो. पक्कं. दारापासून दोन हात अलीकडे थांबेल असं."

"त्यांनीही बांधलं होतं."

"निरगाठ. कडीवर घासली आणि तुटली. मी नवं दावं आणतो. माझी गाठ वीस वर्षांत एका गायीनं सोडवलेली नाही."

त्यानं वॉकरला दावं पक्कं बांधलं आणि कडीला बांधली ती सुरगाठ. गोठ्यात दुसरी गाठ मारतच नाहीत. गाय घसरून पडली, फास बसला, आग लागली, तर एका ओढीत सुटली पाहिजे. आणि शेपूट लांब सोडायचं, म्हणजे उधळलेल्या जनावराजवळ न जाता लांबून ओढता येतं. त्याच्या बोटांनी हे सगळं त्याला न विचारता केलं. त्यानं दोनदा ताणून बघितलं. म्हातारीनंही बघितलं. सुरगाठच होती. तिघांपैकी कुणालाही वेगळं काही वाटलं नाही. जन्मभर गोठ्यात काढलेल्या माणसाला ती गाठ म्हणजे बांधलेलं.

मुंगी वॉकरमध्ये बसली. पायाचे चवडे टेकले. आणि एकदाही इकडे तिकडे न जाता उतारानं दाव्याच्या टोकापर्यंत गेली, मागच्या दारासमोर.

चार दिवस हेच चाललं. म्हातारी गव्हाणीला टेकून बसायची, हातात काठी. संध्याकाळी सून आली की सांगायची.

"दिवसभर तिथेच. दाराखालच्या फटीकडे बघते आणि बोलते."

"पोरं बडबडतातच, आई."

"बडबड मलाही कळते. ही बोलते आणि थांबते. मग हसते. मग परत बोलते. आपण कुणाचं ऐकून घेतो तशी." म्हातारीनं आवाज खाली केला. "आज बिस्किट दिलं. अर्धं खाल्लं, अर्धं खाली पडलं ते उतारानं फटीतून बाहेर गेलं. टाळ्या वाजवल्या तिनं."

सून मागून फिरून गेली. पट्ट्यावर बिस्किट नव्हतं. चुराही नव्हता.

"कोंबडीनं खाल्लं असेल."

"कोंबडीनंच खाल्लं असेल," म्हातारी म्हणाली, आणि काठीचं टोक पुसत बसली.

सुनेची बोटं त्या चार दिवसांत सोलवटली. वासराची जीभ कानशीसारखी असते. ती घरी येऊन मुंगीला घ्यायला हात पुढे करायची, तर मुंगी बोटं हुंगायची आणि तोंड फिरवायची. अंगाला दुसऱ्यांच्या पोरांचा वास. झोपवायला मांडीवर घेतली तरी तिची मान मागच्या दाराकडे.

पाचव्या दिवशी दुपारी, ऊन डोक्यावर आणि सगळीकडे चिडीचूप, मुकादम दोन माणसं आणि मोजायची फीत घेऊन खोल्यांच्या मागे आला. खड्डा बुजवायचा होता. वरून कुणी तपासणीला येणार होतं, आणि त्यांना तिथे सपाट जमीन दिसायला हवी होती. खड्ड्यापासून खोलीपर्यंतचं अंतर कागदावर लागतं म्हणून त्यानं चार नंबरची कडी बाहेरून काढली, दार ढकललं, फीत निळ्या उंबऱ्यावर टेकवली, आकडा लिहिला. आणि दार तसंच टाकून निघाला.

"अहो मुकादम, कडी घाला," म्हातारी म्हणाली.

"येतो परत," मुकादम म्हणाला. पाठ फिरवूनच.

दार सताड उघडं. बाहेर ऊन, ऊन पडलेलं गवत, पिवळी फुलं. मुंगीनं दोन्ही हात पुढे केले. दावं ताणलं गेलं. मग तिनं मागे वळून बघितलं. दाव्याचं लांब शेपूट उतारानं घरंगळत येऊन तिच्या चाकाशी पडलं होतं. चार दिवस ती ते चोखत होती. आज तिनं ते ओढलं.

गायीला हात नसतात. हे त्या घरातल्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

म्हातारीनं काठी टाकली. उभं राहायचा तिनं प्रयत्नही केला नाही. ती पालथी पडली आणि कोपरांवर रांगत सुटली. पोरीला रांगू दे म्हणणारी बाई, वयाच्या सत्तरीत, जनावरांच्या मुताच्या उतारावरून. उतारानं तिलाही नेलं. वॉकर उंबऱ्यावर धडपडला, एक क्षण थांबला, आणि पट्ट्यावर उतरला. दावं मागून सळसळत चाललं होतं.

तिकडे कोंडीत अकरावं वासरू बोटं चोखता चोखता थांबलं. तोंडातून बोटं सोडली. मग बाकीच्या दहांनीही तोंडं वर केली. अकरा वासरं एका दिशेला मान करून उभी राहिली, खोल्यांकडे. त्यांच्या आयांचा हंबरडा उलट्या बाजूनं येत होता. तिकडे एकानंही बघितलं नाही. सुनेनं बादली टाकली आणि धावली.

ती मागे पोचली तेव्हा वॉकर खड्ड्यावर होता. खड्ड्यात नव्हे, खड्ड्यावर. साईनं त्याला धरलं होतं. काठापासून दोन माणसं आडवी झोपतील इतका आत, फुलांच्या मधोमध, आणि मुंगी पाटीवर दोन्ही हात आपटत समोर, खाली बघून बोलत होती. बोलायची. थांबायची. हसायची.

म्हातारी काठावर पालथी पडलेली. दाव्याचं टोक तिच्या मुठीत होतं, आणि ती मूठ तिनं दातात धरली होती.

सुनेनं दावं घेतलं. झटका दिला असता तर साय फुटली असती. वासराला ओढतात तसं, सबुरीनं, हात-हात मागे घेत तिनं ओढलं. अर्ध्यावर साय चरचरली. मागची चाकं बुडाली, वॉकर कलला, मुंगीचे पाय काळ्यात घोट्यापर्यंत गेले. खालून एक बुडबुडा आला आणि असा वास आला की म्हातारी ओकली. सुनेनं ओढणं थांबवलं नाही. काठाशी आल्यावर एका हातानं पोरीला बैठकीतून उपटून काढलं.

मुंगी तेव्हा रडली. खड्ड्याकडे हात करून रडली.

आणि वॉकर पुढे येईना. त्याच्या मागच्या चाकाला एक दोरी गुंडाळली होती, ती खालून आली होती. तिनं चिखल पुसला. हिरवा नायलॉन. मधून लाल दोरा. एक टोक चाकात, घासून घासून तुटलेलं, कडीतल्या तुकड्यासारखंच. दुसरं टोक साईखाली सरळ गेलेलं, ताणलेलं.

नवरा धावत आला. त्यानं ते दोन्ही हातांनी ओढलं. आलं नाही. नुसतं जरासं सैल झालं, मग परत खाली गेलं. मग परत सैल. त्यानं बायकोकडे बघितलं. तिला तो ओढा ओळखीचा होता. दिवसभर तिच्या बोटांना तसाच लागत होता.

मुकादम आला. तोंडाला रुमाल. "वासरू असेल. मेलेली वासरं टाकतात तिथे. कापा ती दोरी."

"मुकादम," ती म्हणाली, "मेल्या वासराच्या गळ्यात दावं तुम्ही कधी तसंच राहू दिलंय? दावं काढून घेतल्याशिवाय इथे वासरू पुरू देत नाहीत. मागच्या आठवड्यात मी स्वतः काढून दिलं तुमच्या हातात."

मुकादमानं रुमाल नाकावर घट्ट दाबला.

"ह्या दाव्याचं एक टोक माझ्या खोलीतल्या कडीला आहे. वॉकरला बांधलेलं असतं तर वॉकरबरोबर वर आलं असतं. वॉकर वर आला. धुतला, पुसला, मला दिला. दावं नाही आलं."

"बाई, डोकं फिरलंय तुझं. उन्हातून आलीयस."

"त्यांनी वॉकरला नव्हतं बांधलं," ती म्हणाली. "त्यांनी पोरालाच बांधलं होतं. पक्कं. निरगाठ."

तिनं त्या हिरव्या दोरीला आपलं दावं जोडलं आणि ते उंबऱ्याजवळच्या भिंतीतल्या कडीला बांधलं. सुरगाठ नाही. नवरा दोरी कापायला कोयता घेऊन उभा होता, तिनं त्याला आत पाठवलं.

हे काल झालं. आज सकाळपासून मातीचे चार ट्रक खोल्यांमागे उभे आहेत. ती उंबऱ्यावर बसली आहे, कोपरं सोललेली सासू शेजारी. मुंगी दोघींच्या मधे रांगते, लांब गेली की एकजण पाय आडवा घालते. वॉकर दारात उलटा पडलाय, चाकं वर. मुकादम तो स्टोअरला जमा करायला मागतोय. मिळणार नाही. त्याच्या कडेला चार दातांच्या खाचा आहेत आणि मुंगीला अजून दोनच दात आहेत, दोन्ही खालचे.

झाडूवाली आज झाडत नाही. मान वर करून उभी आहे.

ट्रकवाल्यांनाही कळलंय. ते इंजिन चालू करत नाहीत. दोरी मधूनच सैल होते, मधूनच ताणते. वारा नाही.

तुमच्याकडे पंप आहे. खड्डा बुजवायच्या आधी उपसा. तो निम्मा उतरेपर्यंत आम्ही इथून उठत नाही. आणि पंप येईपर्यंत, कागद नको, शिक्का नको, इथे खड्ड्याच्या काठावर येऊन तोंडानं सांगा: ह्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण बांधलेलं आहे?